नीलवज्राच्या दोरीला कोण होतं?

नीलवज्र उडतो तेव्हा त्याच्या पाठीवरची दोरी दिसते. मला माहीत आहे. ती दोरी मीच बांधली होती. तरीही गेलं वर्षभर चिखलीच्या बाजारात, बँकेच्या रांगेत, एवढंच काय दाताच्या डॉक्टरसमोर तोंड उघडून बसलेलो असतानासुद्धा कोणीतरी येतं आणि मोठा शोध लागल्यासारखं सांगतं, "भाऊ, तुमच्या त्या सिरियलमधी दोरी दिसते बरं का!"

दिसते. खलनायकाच्या गुहेत मागे खताच्या दुकानाचं कॅलेंडर पण दिसतं. चौथ्या भागात नीलवज्राच्या पायात बुटांऐवजी स्लीपर आहेत, कारण बूट आदल्या दिवशी भिजले होते. सगळं मला माहीत आहे.

मी प्रभाकर. चिखलीत मला 'शूटिंगवाले प्रभाकरभाऊ' म्हणतात. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग हा माझा आयुष्यभराचा धंदा. आता दुकान मुलगी चालवते आणि मी काउंटरशेजारी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याचं ऐकून घेतो. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. मला गमती फारशा आल्या नाहीत, वैताग मात्र भरपूर आला. तोच लिहितो.

आजच्या मुलांना सांगावं लागतं म्हणून सांगतो. नव्वदच्या दशकात केबलवाला आपल्या घराच्या गच्चीवर मोठी छत्री लावायचा आणि तिथून गावभर तारा ओढायचा. सगळे चॅनल दाखवून झाले की एक चॅनल तो स्वतःसाठी ठेवायचा. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, साड्यांच्या सेलच्या जाहिराती आणि गणपतीची मिरवणूक. आमच्या केबलवाल्याचं नाव दिनकरभाऊ. शेत मोठं, घर मोठं, आवाज त्याहून मोठा. एके दिवशी ते माझ्या दुकानात येऊन म्हणाले, "मुंबईवाल्याईच्या टीव्हीवर माणसं उडून राह्यली. मंग चिखलीत काऊन नाई उडत?"

मी म्हटलं, "भाऊ, माझ्याकडे एक कॅमेरा आहे. त्याच्यावर नवरदेव घोड्यावर बसलेला दिसतो. उडत नाही."

"ते तू पाय," ते म्हणाले. दिनकरभाऊंचं हे वाक्य म्हणजे हुकूम असायचा. लग्नाची निम्मी गिऱ्हाइकं मला त्यांच्या ओळखीनं मिळायची.

तर असा नीलवज्र जन्माला आला. तेरा भाग, दर रविवारी सकाळी. वऱ्हाडातल्या एका साध्या तरुणाच्या अंगात आकाशातून पडलेल्या निळ्या दगडामुळे शक्ती येते आणि तो मुखवटा घालून दुष्टांचा नाश करतो. कथा दिनकरभाऊंची, संवादही त्यांचेच. ते शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेले गृहस्थ, त्यामुळे चिखलीतला नीलवज्र पुण्याच्या सदाशिव पेठेतल्यासारखा बोलायचा.

उडण्याच्या दोन रीती होत्या. पहिली, पडद्याची. निळ्या कापडासमोर माणसाला स्टुलावर पोटावर झोपवायचं आणि मिक्सर नावाच्या यंत्राला सांगायचं, की जिथे निळं दिसेल तिथे आभाळाचं चित्र भर. यंत्र बिचारं सांगितलं तेवढंच करायचं. मी बारा मीटर निळं कापड लावलं, नीलवज्राला त्याचा निळा पोशाख घालून झोपवलं आणि बटण दाबलं. टीव्हीवर आभाळात फक्त एक मुंडकं आणि दोन हात तरंगत होते. पोशाख निळा, त्यामुळे यंत्रानं तोही पुसून टाकला होता.

स्टुलावरचा माणूस मान वळवून टीव्हीकडे बघत म्हणाला, "भाऊ, मायं आंग कुठी गेलं?"

तो मिलिंद. आता त्याच्याबद्दल नीट सांगायला हवं, कारण हा लेख खरं तर त्याच्याबद्दल आहे.

मिलिंद वायरमन होता. विजेच्या खांबावर चढायचा, गच्चीच्या कठड्यावरून आपल्या ओसरीवर चालावं तसा चालायचा. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, सडपातळ आणि तोंडानं तिखट. केबलच्या तारा ओढताना दिनकरभाऊंनी त्याला एका खांबावरून दुसऱ्या गच्चीवर उडी मारताना पाहिलं होतं. म्हणून त्याला बोलावलं.

मी दिनकरभाऊंना म्हटलं, पोशाख लाल करू. ते तयार झाले. मिलिंद मात्र अडून बसला. "निळाच राहू द्या. मांगचं कापड बदला."

"अरे, बारा मीटर कापड फाडून आणलंय!"

"मंग तुमी लाल घालून उडा."

तो बौद्ध वस्तीतला. निळा का, हे त्यानं सांगितलं नाही आणि मला सांगायची गरजही नव्हती. मला त्याचा राग मात्र आला. मी पुन्हा बाजारात गेलो, पोपटी कापड आणलं, यंत्राची सेटिंग बदलण्यात दोन दिवस घालवले, आणि मग लक्षात आलं की खलनायकाचा झगा हिरवा आहे. आज विचार करतो तेव्हा वाटतं, त्या तेरा भागांमध्ये त्याच्या मनासारखी झालेली गोष्ट ती एकच.

उडण्याची दुसरी रीत म्हणजे दोरी. गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीला वर लोखंडी कठडा होता. त्याला विहिरीची गडगडी बांधायची, दोरीचं एक टोक मिलिंदच्या कमरेच्या पट्ट्याला, दुसरं खाली धान्य बाजारातून आणलेल्या दोन हमालांच्या हातात. ते ओढायचे आणि नीलवज्र वर जायचा. दोरी पांढरी होती, ती दिसत होती. मी ती काळी रंगवली, जास्त दिसू लागली. आभाळी रंगवली, तर त्या दिवशी ढग आले. शेवटी मी दिनकरभाऊंना म्हटलं, दिसू द्या.

सातव्या भागात गडगडीतून दोरी निसटली. मिलिंद चार-पाच हात खाली आला, टाकीच्या खांबावर आपटला आणि खांदा सोलपटला. हमालांनी दोरी सोडली नाही म्हणून वाचला. खाली आल्यावर त्यानं पाणी मागितलं, दोन घोट प्यायला आणि म्हणाला, "पुन्हा घ्या. मघाशी हात सरळ नव्हता माया."

पुढच्या प्रसंगात नीलवज्र मुखवटा काढून घरी येतो आणि आई त्याच्या खांद्याला हळद लावते. तो प्रसंग पाहून गल्लीतल्या बायांनी हळहळ केली. पण हळद लागली ती सुनीलच्या खांद्याला.

ही खरी भानगड. मुखवटा डोळे आणि ओठ सोडून सगळा चेहरा झाकायचा. मुखवटा घातलेला, उडणारा, मारामारी करणारा नीलवज्र म्हणजे मिलिंद. मुखवटा काढलेला, आईच्या पाया पडणारा, गाणं म्हणणारा नीलवज्र म्हणजे सुनील, दिनकरभाऊंचा साळा. गोरा, केसांची लाट पाडलेला, आणि टाकीच्या तिसऱ्या पायरीवर चक्कर येणारा. आवाज दोघांचाही नव्हता. शूटिंगच्या वेळी मिलिंद नुसते ओठ हलवायचा, नंतर दिनकरभाऊ माझ्या दुकानात बसून सगळे संवाद स्वतः म्हणायचे.

चेहऱ्यासाठी सुनील का? मिलिंद दिसायला वाईट नव्हता. कारण कोणी तोंडानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण चिखलीत राहणाऱ्या माणसाला ते विचारावं लागत नाही. केबलवाल्याला दुखवायचं नाही हा माझ्या धंद्याचा भाग आहे, असं मी स्वतःला सांगत होतो.

पहिल्या भागाची टायटलं करताना मी यंत्रावर मिलिंदचं नाव टाइप केलं होतं. दिनकरभाऊ मागे उभे होते. म्हणाले, "हे कशाले? नीलवज्र दोन हायेत हे समजलं तं पोट्ट्याईचा भ्रम तुटते." मी एक बटण दाबलं, नाव गेलं.

रविवारी दुपारी मिलिंद दुकानात आला. "भाऊ, मायं नाव नाई आलं."

"पुढच्या भागात टाकतो."

तेरा भाग झाले, प्रत्येक वेळी पुढचा भाग. त्यानं तीनदा विचारलं, नंतर विचारणं सोडलं. काम मात्र सोडलं नाही.

एक प्रसंग सांगतो, जो कुणीच पाहिलेला नाही. नवव्या भागाचं शूटिंग आम्ही बीबीच्या आठवडी बाजारात केलं. खलनायक होते आमच्या शाळेचे चित्रकलेचे मास्तर, स्वभावानं अगदी गाय. त्यांनी हिरवा झगा घालून एका भाजीवालीची टोपली हिसकावायची होती. भाजीवालीला आम्ही सांगून ठेवलं होतं, बाजाराला सांगितलं नव्हतं. मास्तरांनी टोपली ओढली, बाई ठरल्याप्रमाणे ओरडली, आणि बीबीच्या लोकांनी मास्तरांना धरून बदडायला सुरुवात केली. मी ओरडतोय, सिरियल आहे, सिरियल आहे. कोण ऐकतो? तेवढ्यात मिलिंद निळ्या पोशाखात बैलगाडीवरून थेट त्या घोळक्यात उतरला, मास्तरांना खाली घेऊन त्यांच्या अंगावर आडवा झाला आणि सगळे गुद्दे स्वतःच्या पाठीवर घेत ओरडला, "अबे, मास्तर हाय हा! पोट्ट्याईले चित्रं शिकवते!"

लोक थांबले. मास्तर वाचले. सबंध सिरियलमध्ये नीलवज्रानं खरंखुरं कुणाला वाचवलं असेल तर ते तेव्हा, आणि तेही खलनायकाला. आणि माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. कपाळावर हात मारून घ्यावा, दुसरं काय.

तेराव्या भागानंतर दिनकरभाऊंचा उत्साह ओसरला, पुढे मोठ्या कंपन्यांनी केबलचा धंदाच गिळला. मिलिंद आपल्या कामाला लागला. रस्त्यात दिसला की हात करायचा. काही वर्षांनी एका लग्नात शूटिंग करताना कोणीतरी सांगितलं, तो वायरमन मिलिंद कावीळ होऊन गेला. मी "अरेरे" म्हटलं आणि कॅमेरा खांद्यावर घेतला, कारण नवरी मांडवात येत होती.

मग गेल्या वर्षी एका कॉलेजच्या प्राध्यापकांना भंगारात नीलवज्राच्या कॅसेट सापडल्या. कोणीतरी त्या काळी घरच्या टीव्हीवरून उतरवून ठेवल्या होत्या. त्यांनी त्या मोबाइलवर सगळ्यांना दिसतील अशा टाकल्या आणि पोरं खदखदून हसू लागली. इथून माझा दोरीचा छळ सुरू झाला. हसणं वाढलं तसं कौतुकही वाढलं, आणि कॉलेजनं 'वऱ्हाडाचा पहिला सुपरहिरो' म्हणून सत्कार ठेवला. सत्कार कोणाचा? सुनीलचा. पोट सुटलेलं, केसांची लाट ओसरलेली, पण आवाज खणखणीत. शाल-श्रीफळ घेऊन तो म्हणाला, "तेव्हा आमच्याकडे विमा नव्हता, दोरी नव्हती, फक्त जिद्द होती!"

दोरी नव्हती! सगळं जग मला वर्षभर दोरी दाखवतंय आणि हा म्हणतो दोरी नव्हती. मी त्याच्याच शेजारी स्टेजवर बसलो होतो. मलाही शाल होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या.

चारच दिवसांनी दुकानात एक तरुण बाई आल्या. बुलढाण्याच्या एका शाळेत शिक्षिका आहे म्हणाल्या, नाव प्रज्ञा. खुर्चीवर बसल्या, मोबाइल काढला, त्यात नीलवज्राचा दुसरा भाग लावला आणि माझ्यापुढे धरला.

"काका, याच्यात माझे बाबा कोणते?"

मला आधी कळलंच नाही. मग तिनं वडिलांचं नाव सांगितलं.

ती दीड वर्षाची असताना मिलिंद गेला होता. घरात त्याचा एकच फोटो, ओळखपत्रावरचा, भुतासारखा आलेला. आई सांगायची, तुझे बाबा नीलवज्र होते. शाळेत तिनं हे सांगितलं तर मुली हसल्या. नीलवज्र तर सुनीलभाऊ होते, सगळ्या गावानं पाहिले होते. टायटलमध्येही नाव नव्हतं. "मोठी झाल्यावर मलाच वाटायला लागलं की आई मला बरं वाटावं म्हणून सांगते," ती म्हणाली. "त्या दिवशी कॉलेजात मी मागे बसले होते. तुम्ही स्टेजवर होता. मला वाटलं, तुम्ही तरी काही बोलाल."

मी दुकानाच्या मागच्या खोलीत तिला बसवलं आणि दोन दिवसांत तेराही भाग तिच्याबरोबर पाहिले. हा उडतोय तो तुझा बाप. हा पाया पडतोय तो सुनील. हा खांद्यावर आपटला तो तुझा बाप, ही हळद लावून घेतोय तो सुनील. ती प्रत्येक वेळी पडदा थांबवायला लावायची आणि मुखवट्याच्या भोकातून दिसणारे डोळे बघायची. बीबीच्या बाजाराची हकिगत सांगितली तेव्हा म्हणाली, "ते कुठे आहे?" मी म्हटलं, बॅटरी संपली होती. तिनं पुढचा भाग लावायला सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

शेवटी तिनं विचारलं, "आवाज तरी बाबांचा आहे ना?"

"नाही. दिनकरभाऊंचा."

"चेहरा नाही, आवाज नाही. काका, मग मी ओळखू कशावरून?"

त्या रविवारी मी प्राध्यापकांना फोन करून सगळं सांगितलं आणि प्रत्येक भागाखाली मिलिंदचं नाव लिहायला लावलं. दहा मिनिटांचं काम. तेरा आठवड्यांत मला जमलं नव्हतं. सुनीललाही फोन केला. तो आधी चिडला, मग म्हणाला, "मले तरी कोणं विचारलं होतं? दाजींनी उभं केलं, उभा राह्यलो." तेही खरंच.

पण पोरीचा प्रश्न तसाच राहिला. आवाज. शूटिंगच्या मूळ कॅसेटमध्ये तो होता. कॅमेऱ्याला माइक असतो, आपण नंतर तो आवाज काढून टाकतो, पण मूळ कॅसेटमध्ये सगळं राहतं. फक्त त्या मूळ कॅसेट मी ठेवल्या नव्हत्या. आमच्या धंद्यात कोऱ्या कॅसेट परवडत नसत. सिरियल संपल्याबरोबर लग्नसराई आली आणि मी त्याच कॅसेटवर लग्नं उतरवून लोकांना दिली.

हे तिला सांगताना मी मध्येच थांबलो. तीन तासांच्या कॅसेटवर लग्न पावणेतीन तासांचं झालं तर? लग्न जिथे संपतं तिथून पुढे जुनं शूटिंग तसंच राहतं. ते पुसलं जात नाही.

मग आम्ही त्या मोसमातली लग्नं शोधायला लागलो. मला लग्नं तारखेनं आठवत नाहीत, घोटाळ्यानं आठवतात. पहिलं, ज्यात नवरदेवाचा बूट कुत्र्यानं नेला, ते चिखलीचंच. घरी गेलो तर मालक म्हणाले, "कॅसेट? तिची फीत काढून ज्वारीत बांधली ना! पाखरं मस्त भेतात चकाकीले." दुसरं लग्न बुलढाण्याचं. बाईंनी दारातच सांगितलं, "नवरा गेला त्या दिवशी कॅसेट मीच दगडानं फोडली. तुम्ही आत या, चहा घ्या." चहा घेतला. तिसऱ्या घरी कॅसेट होती, पण त्यावर लग्न संपल्यावर कोणीतरी क्रिकेटची मॅच उतरवली होती. सबंध आयुष्य मी लोकांना बजावत आलो, की कॅसेटची मागची पट्टी मोडा म्हणजे त्यावर दुसरं काही उतरवता येत नाही. एकानंही मोडली नाही.

चौथं लग्न बीबीचं, गजाननभाऊंचं. त्यांच्याकडे कॅसेट होती, साडीच्या घडीत गुंडाळून ठेवलेली. मी माझा जुना व्हीसीआर आणि जुना टीव्ही जीपमध्ये घालून प्रज्ञासोबत बीबीला गेलो. फितीवर बुरशी आली होती, ती दोन तास बसून कापसानं पुसली. मी म्हटलं, "गजाननभाऊ, आपण शेवटाकडे पळवतो."

"पळवतो काऊन? एवढ्या वर्षानं लागून राह्यली, पुरी पाहू! माय दिसते त्याच्यात माही."

घरातले सगळे येऊन बसले. शेजारचे आले. त्यांची आई दिसली तेव्हा गजाननभाऊ आणि त्यांच्या घरच्या दोघंही रडले, त्यामुळे मला काही बोलता येईना. पण पुढे आहेर सुरू झाला. कोणी भांडं दिलं, कोणी साडी दिली, माइकवरून नावं पुकारली जातायत आणि माझा तेव्हाचा कॅमेरा एकेका माणसावर थांबतोय. मी इतकं लांबलचक शूटिंग का करत होतो, देव जाणे. प्रज्ञा हातात चहाचा कप धरून सरळ बसली होती. चहा तिनं प्यायलाच नाही.

नवरी जीपमध्ये बसली. जीप गेली. धूळ. मग पडद्यावर मुंग्या. मी व्हीसीआरवर हात ठेवून बसलो. मुंग्या हलल्या, एक आडवी रेघ खालून वर गेली आणि पाण्याची टाकी आली. लख्ख ऊन. टाकीच्या पायथ्याशी निळ्या पोशाखात मिलिंद उभा होता. मुखवटा डोक्यावर सरकवलेला, घामानं तोंड चमकत असलेलं.

प्रज्ञानं कप खाली ठेवला.

पडद्यावर मिलिंदनं मुखवटा खाली ओढला, हात वर केला आणि ओरडला, "थांब बे हरामखोरा! गरिबाले काऊन छळून राह्यला?"

लगेच माझा आवाज आला. कॅमेऱ्यामागून, अगदी जवळून, कर्कश. "कट! 'दुष्टा' म्हण, 'दुष्टा'! किती डाव सांगू? कागद वाचता येत नाही का?"

मिलिंदनं मुखवटा पुन्हा वर केला. "येते ना वाचता. पण भाऊ, दुष्टा म्हटलं तं त्याले राग तरी येईन का? मले कोणी दुष्टा म्हटलं तं मी त्याले चहा पाजीन."

मागे हमाल हसले. माझा आवाज आणखी चढला, "तुझा आवाज ठेवायचाच नाही! नुसते ओठ हलव."

"मंग आवाज कोणाचा?"

"दिनकरभाऊंचा."

"तोंड सुनीलभाऊचं, आवाज दिनकरभाऊचा. मंग मायं काय हाय त्याच्यात?"

"तू उड ना! डोकं नको खाऊ."

"उडतोच. पण लवकर करा. मी काय कबुतर हाव का दिवसभर टाकीवर बसाले? अन् दोरी पाहून घेजा, कालच्यानं..." इथे कॅसेट संपली. चार मिनिटंही नव्हती.

गजाननभाऊंच्या घरच्या उठल्या आणि प्रज्ञाच्या शेजारी जाऊन बसल्या. मला कुठे बघावं कळेना. एका मेलेल्या माणसाचा जगात उरलेला सगळा आवाज एवढाच, आणि त्यात निम्मं माझं ओरडणं. हे संभाषण मला आठवतही नव्हतं. त्याला किती वेळा असं बोललो असेन, कोण जाणे.

तिनं ते तीनदा लावायला सांगितलं. मग मी तिच्या मोबाइलमध्ये उतरवून दिलं. म्हटलं, "घरी गेल्यावर मी माझा आवाज काढून टाकतो. आता सोपं असतं. फक्त बाबांचा राहील."

"नका काढू," ती म्हणाली. "मग ते एकटेच बोलतील. वेड्यासारखे."

परतताना जीपमध्ये ती पुढे बसली, मी मागे व्हीसीआर मांडीवर घेऊन. बीबी मागे पडलं तसं तिनं मोबाइल काढला. पुन्हा तोच आवाज, थांब बे हरामखोरा. या वेळी कबुतराशी येऊन ती हसली, चांगली मोठ्यानं. मग पुन्हा लावलं.

ड्रायव्हर म्हणाला, "कोण बोलून राह्यलं हो ताई?"

"माझे बाबा."

"लय तापलेले दिसतेत. कोणावर?"

तिनं मागे न बघता अंगठ्यानं माझ्याकडे दाखवलं. "ह्या काकांवर."

ड्रायव्हरनं आरशातून मला नीट पाहून घेतलं. "बरोबरच तापले असतीन," तो म्हणाला.

"हाव," मी म्हटलं. "बरोबरच तापले होते."